फ्री डिशवर सह्याद्री दिसेना? छतावर चढण्याआधी हे तपासा

दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, तसा घरी येणारा कंपनीचा माणूसही नाही. छत्री ज्याने बसवली तो सापडला तर ठीक, नाहीतर आपलं आपणच बघायचं. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली प्रसारभारतीची ही सेवा आज चार कोटींहून जास्त घरांत आहे. त्यातल्या कितीतरी घरी तालुक्याहून मेकॅनिक बोलवायचा म्हटलं तर त्याचं येण्याजाण्याचं भाडंच दुरुस्तीपेक्षा जास्त होतं.

माझं कोकणात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत ‘सह्याद्री गेलं हो’ हे एवढंच ऐकत असतो. बहुतेक वेळा छत्रीला हातही न लावता ते परत येतं. लोक मात्र सगळ्यात आधी छत्रीच फिरवतात, आणि मग पिनेचं दहा-वीस रुपयांचं काम पाचशेवर जातं. म्हणून खालचा क्रम सोडू नका. छत्री यात मुद्दामच शेवटी ठेवली आहे.

आधी लक्षण ओळखा

नुसतं ‘टीव्ही बंद आहे’ म्हणून काही कळत नाही. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा.

- पडद्यावर ‘नो सिग्नल’, एकही चॅनेल नाही.
- काही चॅनेल स्वच्छ दिसतात, काही अजिबात नाहीत.
- चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो.
- पाऊस आला की जातं, उघडला की येतं.
- थोड्याशा पावसानेही जातं आणि नंतर तासन्‌तास येत नाही.
- ऊन असताना, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं जातं, तेही चार-पाच दिवस ओळीने.
- बाकी सगळं दिसतं, फक्त क्रिकेटची मॅच दिसत नाही.
- सेट-टॉप बॉक्स आपोआप बंद होऊन परत चालू होतो.
- छत्री नाहीच, मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीवर बघता आणि गोल चक्र फिरत राहतं. यासाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

जागेवरून न उठता

पहिला प्रश्न: ‘नो सिग्नल’ म्हणतंय कोण, टीव्ही की बॉक्स? दोघांचे निरोप वेगळे असतात. बॉक्सच्या रिमोटवर मेनू दाबा. मेनू दिसला तर टीव्ही आणि बॉक्सचं जुळलेलं आहे, दोष पुढे वायरीकडे किंवा छत्रीकडे. मेनूच दिसला नाही तर टीव्ही भलत्याच इनपुटवर गेलाय. टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबून एव्ही किंवा एचडीएमआय निवडा. घरात लहान मुलं असतील तर निम्मी तक्रार इथेच मिटते. मागची पिवळी-लाल-पांढरी पिन सैल झाली तरी हेच होतं, तीही दाबून घ्या.

दुसरं, मोबाइलवर यूट्यूब उघडून सह्याद्रीचं थेट प्रसारण चालू आहे का बघा, किंवा शेजारी ज्यांच्याकडे फ्री डिश आहे त्यांना हाक मारा. सगळ्यांचंच गेलं असेल तर दोष तुमच्या घरात नाही. मग पेचकस खाली ठेवा आणि तासभर थांबा. वाडीतल्या सगळ्यांचं प्रसारण गेलेलं असताना ज्याने छत्री फिरवली, त्याचं मागाहून सगळ्यांचं आलं तरी येत नाही.

तिसरं, पाऊस. उपग्रह आहे जवळपास छत्तीस हजार किलोमीटर वर, आणि त्याच्या लहरी अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे केयू बँडमधल्या. पावसाचे थेंब या लहरी शोषतात. आषाढातली सर कोसळताना पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर तो दोष नव्हे, चांगल्यात चांगल्या छत्रीवरही तेच होतं. पण नुसत्या भुरभुरीने जात असेल, किंवा मागच्या वर्षी टिकत होतं आणि यंदा टिकत नाही, तर सिग्नल आधीच काठावर आला आहे आणि पावसाने त्याला फक्त ढकललं. डिजिटल चित्र जुन्या अँटेनासारखं हळूहळू मुंग्या मुंग्या होत जात नाही. शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि एकदम जातं. त्यामुळे उन्हाळ्यात सगळं ठीक होतं म्हणून जोडणीही ठीक आहे, असं समजू नका.

चौथं, अकरा वाजताचं ऊन. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सकाळी अकराच्या आगेमागे नेमका उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याचा स्वतःचा गोंगाट छत्रीत शिरतो आणि त्यात उपग्रहाचा सिग्नल बुडतो. काही मिनिटांत सूर्य पुढे सरकतो, चित्र परत येतं, आणि काही दिवसांनी हा प्रकार बंद होतो. करायचं काहीच नसतं. पण हे दिवस लक्षात ठेवा, पुढे छत्रीच्या भागात त्यांचा मोठा उपयोग आहे.

पाचवं, मॅच. हा तर बिघाडच नाही, पण यावर जेवढी भांडणं ऐकलीत तेवढी दुसऱ्या कशावर नाहीत. २००७ च्या कायद्याने, राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेल्या सामन्यांचं प्रसारण खासगी हक्कदारांना प्रसारभारतीला द्यावं लागतं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे मिळालेलं प्रसारण दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर ते जाता कामा नये. म्हणून शेजाऱ्याच्या फ्री डिशवर दूरदर्शनला मॅच दिसते आणि तुमच्या केबलवर त्याच चॅनेलवर दुसरंच काहीतरी चालू असतं. यात केबलवाल्याचा दोष नाही. सह्याद्रीच केबलवर दिसत नसेल, तर मात्र त्याला जरूर विचारा. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणं केबल आणि डीटीएच चालकांवर बंधनकारक आहे.

सहावं, एप्रिल. खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरच्या जागा लिलावाने मिळतात, आणि वर्षाचा करार १ एप्रिलला बदलतो. त्या सुमारास एखादं चॅनेल गायब झालं तर बहुधा ते फ्री डिशवरूनच गेलेलं असतं. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या नेटवर्कांच्या मनोरंजन वाहिन्या अशाच गेल्या, २०२० मध्ये परत आल्या, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेल्या. प्रत्येक वेळी दुकानात छत्र्या घेऊन लोक आले. चॅनेल जागा बदलून इथेच असेल तर नव्याने स्कॅन केल्यावर मिळेल. गेलंच असेल तर छत्री कितीही फिरवा, येणार नाही.

बॉक्सपाशी

बॉक्स रिमोटने बंद करू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. दोन मिनिटं थांबून चालू करा. अडकलेला प्रोग्रॅम यानेच सुटतो. रिमोटने बॉक्स फक्त डुलकी घेतो.

मग अडॅप्टर. बॉक्स आपोआप बंद-चालू होत असेल, दिवा मिणमिणत असेल, किंवा दुपारी चालतो आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरल्यावर मरतो असं असेल, तर संशय अडॅप्टरवर. छत्रीच्या पुढच्या हातावर सिग्नल पकडणारी जी डबी असते, त्या एलएनबीला वेगळी वीज नसते, बॉक्सच याच वायरीतून तिला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. अडॅप्टर दमला की बॉक्सचा दिवा लागतो, मेनू दिसतो, पण एलएनबीला पुरेशी वीज पोचत नाही आणि ‘नो सिग्नल’ येतं. शेजाऱ्याचा तसाच अडॅप्टर लावून बघा. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, आणि पिनेचं टोक व ध्रुव जुळले पाहिजेत. बारा व्होल्टच्या बॉक्सला घरात पडलेला दुसराच कुठला अडॅप्टर खोचू नका.

आता मेनूत इन्स्टॉलेशन किंवा अँटेना सेटिंग उघडा. दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. या सगळ्या लेखातून एकच गोष्ट ठेवायची असेल तर ही ठेवा: बघायचं ते क्वालिटीकडे. स्ट्रेंग्थ म्हणजे बाजारातला गलका, क्वालिटी म्हणजे त्या गलक्यात आपल्या माणसाचं बोलणं कळतंय का ते. एलएनबीला वीज मिळाली की छत्री जमिनीकडे तोंड करून पडलेली असली तरी स्ट्रेंग्थ निम्म्यावर जाते. त्या पट्टीवर भरवसा ठेवून लोक तासन्‌तास छतावर उन्हात तापतात.

या दोन पट्ट्यांवरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटली, पिन निघाली, एलएनबी मेली किंवा तिला वीज नाही. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर सेटिंग चुकलं, छत्री हलली किंवा भलत्याच उपग्रहाकडे वळली. क्वालिटी आहे पण वरखाली होते, तर बहुधा पाणी, गंज किंवा झाड. क्वालिटी चांगली आहे आणि चॅनेल नाही, तर स्कॅन.

सेटिंग तपासताना हे बघा. उपग्रह ९३.५ अंश पूर्व. नाव जीसॅट-१५ असेल, जुन्या बॉक्सात इन्सॅट-४बी असेल, दोन्ही चालतात, कारण एकाच्या जागी दुसरा आला आणि जागा तीच राहिली. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. २२ के, म्हणजे बॉक्सकडून एलएनबीला जाणारी खूण, बंद किंवा ऑटो. एलएनबी पॉवर चालू. मध्ये एकाहून जास्त एलएनबी जोडणारा स्विच नसेल तर डायसेक (त्या स्विचचं सेटिंग) बंद. हे का, तर एलएनबी वरून आलेल्या फ्रिक्वेन्सीतून ठराविक आकडा वजा करून उरलेला सिग्नल वायरीतून खाली पाठवते. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी ११०९० आहे, त्यातून ९७५० गेले की १३४० उरतात, आणि बॉक्स ९५० ते २१५० च्या मधलंच ऐकू शकतो. २२ के चालू राहिलं की एलएनबी १०६०० वजा करते, उरतात ४९०, आणि बॉक्स बहिरा होतो. मुलांनी मेनूत खेळताना हे एक बटण फिरवलं की छत्री जागच्या जागी असून सगळं गायब.

सेटिंग नीट असेल तर ऑटो स्कॅन करा. फॅक्टरी रिसेटची घाई नको, त्याने चांगली सेटिंगही पुसली जातात.

स्कॅन करूनही काही चॅनेल यादीतच येत नाहीत किंवा नुसता आवाज येतो, चित्र काळं, तर बॉक्स जुना असण्याची शक्यता मोठी. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ पद्धतीने येतात, काही एमपेग-४ ने. जुना एमपेग-२ बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या दाखवूच शकत नाही. तिथे दुरुस्ती नाही, बॉक्स बदलणं एवढंच. पण ती चॅनेल तुम्हाला हवीत का, हे आधी घरात विचारा. सह्याद्री आणि बातम्या दिसत असतील तर आमच्याकडची म्हातारी माणसं ‘राहू दे’ म्हणतात, आणि मला ते पटतं.

शेवटी अदलाबदल. तुमचा बॉक्स शेजाऱ्याच्या चालू छत्रीला जोडा. तिथे चालला तर बॉक्स निर्दोष, आता वायरीकडे जायचं. तिथेही नाही चालला तर छतावर जायचं कारणच उरलं नाही. या एका तपासणीने वाचणारा वेळ दुसऱ्या कशानेही वाचत नाही.

वायर आणि पिन

कोणतीही पिन काढण्याआधी बॉक्स भिंतीवरून बंद करा. चालू बॉक्सची वायर काढ-घाल करताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली की बॉक्समधला एलएनबीचा पुरवठा जातो, आणि साधं काम महागात पडतं.

बॉक्सच्या मागची पिन फिरवून काढा आणि टोक उजेडात धरा. मधली तांब्याची तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. आत बुडाली असेल तर ती बॉक्सला टेकतच नाही. तिच्याभोवतीच्या पांढऱ्या भागावर जाळीचा केसाएवढा एखादा धागा आडवा आलाय का ते नीट बघा, चष्मा लावून बघा. तो एक धागा मधल्या तारेला शिवला की शॉर्ट होतो. काही बॉक्स तसं पडद्यावर सांगतात, काही नुसते बंद पडतात. तार हिरवट किंवा काळी पडली असेल तर पाणी आत गेलं आहे. चार-सहा इंच वायर कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा, आणि नवी पिन लावा.

वायर आरजी-६ हवी, म्हणजे छत्रीसाठी मिळते ती जाड वायर. जुन्या केबलची उरलेली पातळ वायर लावून चालतं, पण पहिल्या पावसापर्यंत. मध्ये जोड देऊन त्यावर टेप गुंडाळलेली असेल तर तो जोड हाच पहिला संशयित. खिडकीच्या फटीत चेपलेली, दारात चिरडलेली, उंदराने कुरतडलेली जागा शोधत वायरीबरोबर चालत जा. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, वायरीवरून घरंगळत बॉक्सपर्यंत येणार नाही. आमच्याकडे पाण्याने गेलेले बॉक्स बरेच येतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या वायरीला झोळ नसतो.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायला साधा स्प्लिटर लावला असेल तर तो काढून एकाच बॉक्सला थेट वायर देऊन बघा. दोन टीव्हींसाठी दोन तोंडांची एलएनबी मिळते, तीच लावावी.

मीटर असेल आणि तो वापरता येत असेल तर छत्रीकडची पिन काढून झाल्यावर बॉक्स परत चालू करा आणि त्या टोकाला मधली तार आणि जाळी यांच्यात व्होल्टेज मोजा. १३ किंवा १८ च्या आसपास आलं तर वायर आणि बॉक्स दोन्ही बरे, दोष एलएनबीत किंवा पुढे.

छत्री: आधी फक्त बघा

गच्ची सपाट असेल, कठडा असेल आणि पाऊस नसेल, तरच वर जा. कौलं किंवा पत्रे असतील तर खाली ‘कधी थांबायचं’ वाचा.

वर गेल्यावर हात मागे बांधून चहूबाजूंनी फिरा. छत्रीच्या हातावर टॉवेल वाळत घातलाय का? (हसू नका.) एलएनबीच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण तडकलंय का? उन्हाने ते दोन-तीन वर्षांत कागदासारखं होतं, मग आत पाणी जातं किंवा गांधीलमाशी मातीचं घर बांधते. झाकण तडकलेली एलएनबी वाळवून काही दिवस चालते, पण पुढच्या सरीला परत जाते. दोन-तीनशे रुपयांत नवी येते, ती लावा. एलएनबीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची पद्धत सोडा. पिशवीत वाफ धरते, आणि ओली पिशवी तोंडासमोर आली की सिग्नलच अडवते. पिनेवर रबरी टेप घट्ट गुंडाळा, एलएनबीचं तोंड मोकळं ठेवा.

मग झाडं. महाराष्ट्रातून उपग्रह आग्नेयेला दिसतो, वास्तुशास्त्रवाले स्वयंपाकघर सांगतात त्या कोपऱ्याकडे. पुणे-मुंबईच्या पट्ट्यात उत्तरेपासून सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८-५९ अंश वर, नागपूरहून सुमारे १४५ अंशांवर आणि ६० अंश वर. इतक्या उंचावर असल्यामुळे लांबच्या इमारती आड येत नाहीत. दहा फुटांवरची भिंत तुमच्या छत्रीपेक्षा सोळा-सतरा फुटांनी उंच असेल तरच ती अडवेल. आड येतं ते जवळचं झाड. आंबा, फणस, नारळाची झावळी. छत्री बसवली तेव्हा झाड खांद्याएवढं होतं, आता ते स्लॅबच्या वर गेलंय, आणि ओलं पान कोरड्या पानापेक्षा जास्त अडवतं.

इथे ते अकरा वाजताचे दिवस कामाला येतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या जागी असतो. तेव्हा छत्रीवर ज्याची सावली पडेल तोच सिग्नल अडवणारा. ती फांदी तोडायची, बाकीचं झाड राखायचं. असा पुरावा दाखवला तर शेजारीही फांदी तोडू देतो.

छत्री जुळवणं

आता खरोखर हललेली आहे असं दिसत असेल, तरच. सैल नट, वाकलेला खांब, वानरांची टोळी बसून गेल्याच्या खुणा. आमच्याकडे वानरं हे कारण वाऱ्याच्या खालोखाल आहे.

आधी मार्करने खांबावर आणि पकडीवर आत्ताच्या जागेच्या रेघा मारा. काही चुकलं तर निदान इथे परत येता येईल. एकजण खाली टीव्हीपाशी क्वालिटी वाचायला, एकजण वर, मध्ये मोबाइल.

किती हलवायचं याचा अंदाज नसतो म्हणून बिघडतं. दोन फुटी छत्रीची कड पाच मिलिमीटर हलली की तिचं तोंड आकाशात एक अंश फिरतं. ९५ अंशांवर खासगी डीटीएचचा उपग्रह आहे, आपल्यापासून फक्त दीड अंश पलीकडे. म्हणजे कड सेंटीमीटरभर सरकली की तुम्ही दुसऱ्याच्या दारात. स्ट्रेंग्थ भरलेली, क्वालिटी शून्य. म्हणून नट पूर्ण सोडू नका, छत्री जेमतेम सरकेल एवढेच ढिले करा. केसभर सरकवा, चार सेकंद थांबा, खालच्याला विचारा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत गेलात तर बरोबर जागेवरून निघून जाल आणि कळणारही नाही.

आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली, मग परत एकदा डावी-उजवीकडे. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी-थोडी दोन्ही बाजूंना पिळून बघा. ती सरळ उभी असायला हवी असं नाही, आपल्याकडे ती बऱ्यापैकी तिरकी बसते. क्वालिटी सर्वात जास्त येईल तिथे थांबा. छत्री डोळ्यांना उभट दिसते म्हणून घाबरू नका. या छत्रीत एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे पत्रा दिसतो त्यापेक्षा तिची नजर बरीच वर असते.

नट आवळताना एकेक करून, आलटून पालटून आवळा आणि तेव्हाही क्वालिटी विचारत राहा. जुळवलेली छत्री आवळतानाच हलते.

मोबाइल आणि स्मार्ट टीव्ही

प्रसारभारतीचं वेव्हज हे ओटीटी ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यावर आणि यूट्यूबवर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात राहणारी मुलं याच वाटेने सातच्या बातम्या लावतात. चक्र फिरत राहिलं तर:

आधी त्याच वायफायवर दुसरा कुठलाही व्हिडिओ लावा. तोही अडला तर दोष नेटचा. मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला की वेग इतका उतरतो की मेसेज जातात पण चित्र हलत नाही, म्हणून ‘नेट तर चालू आहे’ यावर जाऊ नका. दर्जा ऑटोवरून काढून ४८० वर ठेवा, बातम्यांना तेवढा पुरतो.

फोनवर चालतं आणि टीव्हीवर नाही, असं असेल तर टीव्हीतली तारीख-वेळ बघा. वीज जाऊन आल्यावर काही टीव्ही जुन्याच वर्षात जागे होतात. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि ॲप कारण न सांगता अडून बसतं. तारीख आपोआप घेण्यावर ठेवा. मग ॲपचा कॅश पुसा, अपडेट बघा, व्हीपीएन असेल तर बंद करा. टीव्ही इतका जुना असेल की ॲप मिळतच नाही, तर फोनवरून टीव्हीवर कास्ट करा.

शेजारच्या छत्रीवर मॅचमधला गोल आधी होतो आणि तुमच्या फोनवर नंतर, हा दोष नाही. नेटवरचं प्रसारण तुकड्या-तुकड्यांनी येतं, मागेच राहणार.

कधी थांबायचं

वायरीची पिन किंवा बॉक्सचा पत्रा हाताला झिणझिण करत असेल तर लगेच भिंतीवरून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो अर्थिंगचा किंवा गळतीचा प्रश्न आहे, टीव्हीवाल्याचा नव्हे, आणि ओल्या गच्चीवर तो जिवावर बेततो.

छत्रीजवळून विजेच्या तारा जात असतील, छप्पर उतरतं असेल, कौलांवर शेवाळ असेल, आकाशात गडगडत असेल, तर वर जायचं नाही. ढग दाटून आले की बॉक्सची वीज काढा आणि छत्रीची वायरही काढा, पण हे गडगडाट सुरू व्हायच्या आधी, मध्ये नव्हे.

बॉक्स किंवा अडॅप्टर उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास काही वेळ उरतात.

छत्रीचा पत्रा पिचला असेल तर ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ती बदलावीच लागते. नवी वायर, नवी पिन आणि नवी एलएनबी लावून, सेटिंग तपासूनही क्वालिटी शून्य असेल, तर मेकॅनिक बोलवा. त्याच्याकडे सॅटफाइंडर मीटर असतो, तुम्हाला अर्धा दिवस लागेल ते तो थोडक्या वेळात करतो. बोलावताना फोनवरच सांगा: स्ट्रेंग्थ किती, क्वालिटी किती, शेजाऱ्याच्या छत्रीवर तुमचा बॉक्स चालला की नाही. मग तो बरोबर सामान घेऊन येतो आणि दुसऱ्या फेरीचं भाडं वाचतं. काम झाल्यावर कोरड्या हवेत आलेला क्वालिटीचा आकडा त्याच्यासमोर बघा आणि बॉक्सच्या खाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. प्रत्येक बॉक्सचं मोजमाप वेगळं असतं, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये तुलना करायला तोच आकडा लागेल.